क्लच दबत नाही

धुळ्यात पाठवणी झाली, नवरी मोहिनी डोळे पुसत गाडीत बसली, आणि नेमका जळगावला निघताना क्लच अर्ध्यावरच अडकायला लागला. निम्मा मांडव बोनेटवर ओणवा झाला. कोणी म्हणे ऑइल उतरलं, कोणी म्हणे पाइपात हवा धरली. गाडी चालवणाऱ्या लीलाधरनानांनी तर निकालच लावला, "सिलेंडर जाम व्हई गया. आते गाडी ओढीसन लई जानी पडी." ते ऐकून मोहिनीने पुन्हा रडायला घेतलं. वरातीत हट्टाने न नाचलेला नवरदेव हितेंद्र मामाच्या चपला घालून घाम पुसत उभा होता.

 

मेव्हणी कामिनी हळूच त्याच्याजवळ आली. "दाजी, आता तरी नाचा, म्हणजे क्लचखालून तुमचा जोडा काढते."