चित्रकाराची कल्पना

प्रसेनजित कधी कुणी न पाहिलेल्या ग्रहांची चित्रं काढायचा. चूक दाखवायला तिथं कुणी जाणार नसल्यानं चिकलठाण्यात बसून त्याचं झकास चाललं होतं. तरी प्रत्येक चित्राखाली तो इमानदारीनं लिहायचा, ‘चित्रकाराची कल्पना’. एके दुपारी त्याची बायको सुकेशनी म्हणाली, “अहो, न पाहिलेलं एवढं काढता, मग आपली लेक काढा की. मी बेशुद्ध होते, तुम्ही पाहिलंत तिला.” जन्मतःच गेलेल्या लेकीला पुरताना कुणीतरी दुपटं बाजूला सारलं, तेव्हा प्रसेनजितनं डोळे गच्च मिटले होते. हे सुकेशनीला ठाऊक नव्हतं. त्यानं बायकोचं नाक, स्वतःची हनुवटी घेऊन निजलेलं बाळ काढलं. “अगं बाई, नाक माझंच की!” ती रडता रडता हसली. “पण खाली ते नेहमीचं लिहायचं राहिलं.” “हिच्याखाली नसतं लिहायचं,” तो म्हणाला. “हिला पाहिलंय मी.”