माहेरची ठेव

मुलाच्या नोकरीपायी रंजनाताई पुण्याहून पुन्हा माहेरच्या हैदराबादेत आल्या, तेव्हा त्यांना आठवलं, लग्नाआधी वडिलांनी आपल्या नावे इथल्या बँकेत पैसे ठेवले होते. मुलाने विसरलेल्या ठेवी शोधायच्या वेबसाइटवर आईचं नाव टाकलं. काही सापडलं नाही. “अरे, माहेरचं नाव टाक.” त्याने नुसतं आडनाव बदललं. रंजना दातारही कुठे नव्हती. रंजनाताईंना हसू आलं. “रंजना हे सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं. मी सिंधू.” मुलगा बघतच राहिला, पुण्यात हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. सिंधू दातार मात्र पहिल्याच फटक्यात सापडली. शाळेचा आणि लग्नाचा दाखला देऊन दोघं सुलतान बाजारच्या शाखेत बाकावर बसली. “सिंधू दातार कौन हैं?” काउंटरवरून हाक आली. मुलगा इकडेतिकडे पाहू लागला. सिंधू ताडकन उठली आणि वर्गातल्यासारखा हात वर करून म्हणाली, “हजर!”