खुणेचा पेला

केमोची पहिली सलाइन सुरू झाली, तसा अप्पांनी पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढून स्टुलावर ठेवला. त्यावरचा नेलपॉलिशचा लाल ठिपका सुनेनं, वृंदानंच, लावला होता.

खोकला थांबेना तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरनं टीबी सांगितला आणि तिनं त्याच दिवशी त्यांचं ताट-पेला वेगळं केलं. नातीला त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. पुढे फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तरी ठिपका तसाच राहिला.

राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंचं तिकडे लक्ष गेलं. "वेगळा पेला? अहो, हा आजार कुणाला लागत नाही. घरात वेगळं ठेवतात की काय तुम्हाला?"

तोंड लपवायला वृंदा चादर सारखी करू लागली.

"छे हो," अप्पा धाप आवरत म्हणाले. "मलाच कुणाचं उष्टं चालत नाही. ती बिचारी चिडते त्यावरून."

डॉक्टर हसून पुढच्या खाटेकडे वळल्या. वृंदानं पेल्यात पाणी ओतलं आणि तो तोंडाला लावला.

अप्पांचा सुई टोचलेला हात सवयीनं पुढे आला.

"तो नको गं," ते म्हणाले, "माझा आहे तो."