थडियस क्रोलची शेवटची नोट

"खोटी आहे," असं म्हणून वेंडेल अपहमने भिंग खाली ठेवलं.

समोर बसलेल्या मिसेस झूकने मान डोलावली. "मला वाटलंच होतं."

नोट खोटीच होती, त्यामुळे वेंडेलची जीभ अडखळली नाही. मात्र ती इंग्लंडच्या राजाचा पेनसिल्व्हेनियावर अंमल होता तेव्हाची खोटी होती, हे त्याने सांगितलं नाही. त्या काळच्या खऱ्या नोटेच्या पाठीवर झाडाच्या पानाचा ठसा असे, आणि पानाच्या शिरा टोकाकडे केसासारख्या बारीक होत जात. इथे सगळ्या शिरा एकसारख्या जाड, हाताने कोरलेल्या होत्या. लँकेस्टरचा सोनार थडियस क्रोल अशाच कोरायचा. 'नक्कल करणाऱ्यास देहदंड' ही नोटेवरची ओळसुद्धा त्याने मन लावून कोरली आणि शेवटी तिच्याचपायी तो फासावर गेला. त्याचा सगळा माल सरकारने जाळला. त्यातून एकच नोट वाचली, असं संग्राहक एकमेकांना सांगत आले होते. मधोमध फाटलेली, तपकिरी दोऱ्याने शिवलेली.

तीच आता वेंडेलच्या टेबलावर होती. खऱ्या नोटा पैसे टाकले की कुणालाही मिळतात, जुन्या खोट्या नोटांना नशीब लागतं, असं तो नेहमी म्हणायचा. या एका नोटेपायी त्याने अर्धं आयुष्य लोकांचे माळे धुंडाळले होते.

नोट मिळाली कुठे, असं त्याने शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं. नवऱ्याच्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यात, असं ती म्हणाली. अमॉसचा छापखाना होता. वेंडेलच्या संग्राहक मंडळाचा वार्षिक अंकसुद्धा तोच छापायचा. वसंतात तो गेला, आणि आता ती एकेक खोकं रिकामं करत होती.

तिची बोटं नखांपर्यंत तपकिरी झाली होती. वेंडेलची नजर तिकडे गेलेली पाहून तिने हात मांडीवर घेतले. परसातल्या काळ्या अक्रोडांची हिरवी सालं सोलली, आता त्यांचा रंग महिनाभर जायचा नाही, असं ती ओशाळून म्हणाली.

"तीनशे डॉलर देतो," वेंडेल म्हणाला.

"खोट्या नोटेचे? तुम्ही काय करणार तिचं?"

"शाळेतल्या पोरांना दाखवायला बरी."

"चला, थंडीत घर गरम ठेवायच्या तेलाची तरी सोय झाली," ती म्हणाली.

या नोटेत तिच्या कित्येक हिवाळ्यांचं तेल आलं असतं. खरं काय ते सांगून टाकावं, असं त्याला क्षणभर मनापासून वाटलं. पण क्लेटन राइस डोळ्यांसमोर आला. दरवर्षी मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस पटकावून वर वेंडेलच्या पाठीवर थाप मारणारा क्लेटन. वेंडेलने पैसे काढले.

जाताना तिने पिशवीतून निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेला केक काढून टेबलावर ठेवला. "घरचे अक्रोड आहेत. फडकं परत करू नका, माझ्याकडे ढीगभर आहेत."

शनिवारी प्रदर्शन होतं, नेहमीप्रमाणे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. वेंडेलने नोटेची चौकट टेबलावर मांडली आणि तिच्यावर काळं मखमली कापड टाकलं. दुपारी परीक्षक आले की ते दूर करायचं आणि क्लेटनचा चेहरा बघायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं.

शेजारच्या टेबलावर क्लेटन खुशीत होता. त्याचीही चौकट झाकलेली होती.

"यंदाही तुझं काही खरं नाही," तो वेंडेलच्या कानाशी लागून म्हणाला. "घरबसल्या मिळाली रे. एका बाईने आणून दिली. मी तिला म्हटलं, खोटी आहे. आणि खोटं तरी कुठे बोललो?"

वेंडेलला हसू आलं. सगळे एकाच माळेचे मणी, असं त्याच्या मनात आलं.

"घे, केक खा," क्लेटन म्हणाला. "अक्रोडाचा आहे."

केकखालच्या फडक्यावर निळ्या चौकड्या होत्या. वेंडेलने हळूच मान वर केली. पलीकडच्या टेबलावर झाकलेल्या चौकटीशेजारी तसंच फडकं होतं, आणि त्याच्या पलीकडच्याही.