मुकी गाडी

येलहंक्याच्या अलीकडे, नीलगिरीच्या राईपाशी, नागोजीरावांनी गाडी उभी केली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. शेजारी बसलेल्या सोयराबाईंना फरक कळला नाही. चालू असतानाही गाडी अशीच गप्प होती.

समोर रेल्वेचे रूळ. फाटक नाही, गेटमन नाही. दोन्हीकडून रूळ झाडीत वळतात, त्यामुळे येणारं काही दिसत नाही. म्हणून त्या रस्त्याची रीत अशी, की स्कूटरवाला असो की बैलगाडीवाला, इथे थांबायचं, कान द्यायचा आणि मगच पलीकडे जायचं. तिथले बैलसुद्धा म्हणे मानेची घंटा वाजू न देता उभे राहतात.

नागोजीरावांनी डोळे मिटून कान दिला. चेहऱ्यावर देवदर्शनाचं समाधान पसरलं.

“ऐकलंस?”

“काय?”

“तेच तर. काही नाही.”

तीन महिने बसवनगुडीच्या घराच्या अंगणात ही गाडी सोलून ठेवली होती त्यांनी. गच्चीवर अंथरतात ती डांबरी चादर कापून गाडीच्या तळाला, टपाखाली, दारांच्या पोटात डकवली. नीट चिकटावी म्हणून तिच्यावर घरची इस्त्री फिरवली. तेव्हापासून त्याच इस्त्रीचा सदरा घालून नागोजीराव कचेरीत शिरले की रस्त्याचं काम निघालं असं लोकांना वाटे. डांबरावर काथ्या, काथ्यावर बारदान, बारदानावर सोयराबाईंच्या माहेरच्या गादीचा कापूस. पूर्वी गाडी गांधी बाजारातून निघाली, की तिचा खडखडाट ऐकून सोयराबाई पानं मांडायला घेत. पहिल्या थरात रस्त्याचा आवाज गेला, दुसऱ्यात इंजिनाचा. तिसऱ्यानंतर हॉर्न वाजतो की नाही हे बघायला शेजारच्या दामोदरला बोनेटसमोर उभं करावं लागलं. तो बिचारा मान हलवून ‘वाजतोय’ म्हणे.

मेकॅनिक देवाप्पा तेवढा कुरकुरला होता. “अण्णा, स्वल्प आवाज राहू द्या. चार माणसांचं वजन चढवलंत हिच्यावर.” आज सकाळी दारं फुगून बसेनात, तेव्हा त्यानेच बाहेरून खांदा लावून ती लावली होती. “उतरताना काय करणार?” त्याने विचारलं. त्याचे ओठ हलले एवढंच नागोजीरावांना दिसलं.

“काच खाली करून ऐका,” सोयराबाई म्हणाल्या.

“उतरत नाही ती. काथ्या अडकलाय आत.”

“मग दार उघडा.”

“एवढं सगळं केलं ते दार उघडून ऐकायला?”

सोयराबाईंच्या मांडीवर पुठ्ठ्याचा डबा होता. त्यात चिकपेटेतून आणलेल्या दोन डझन हिरव्या बांगड्या. लेकीला, क्षमाला, सातवा लागला होता. अकराच्या आत तिची ओटी भरायची होती. वाटभर खड्ड्याखड्ड्याला त्या बांगड्या किणकिणत आल्या होत्या, आणि गाडीत तेवढा एकच आवाज उरल्यामुळे नागोजीराव दर वेळी कपाळाला आठी घालत. शेवटी सोयराबाईंनी डब्यावर तळहात दाबून धरला होता.

“माझं ऐका, दोन मिनिटं थांबू. घाई नाही.”

“अगं, काही असतं तर ऐकू आलं नसतं का?”

त्यांनी गाडी सुरू केली. निदान किल्ली तरी फिरवली. गाडी जड अंगाने चढावर आली, पुढची चाकं पहिल्या रुळावरून उतरली, आणि ती थबकली.

“थांबलात का?”

“थांबलो कुठे? चालू आहे.” नागोजीरावांनी पाय दाबला. मग आणखी दाबला. मग वाकून त्यांनी समोरचा लाल दिवा पाहिला. “बंद पडली वाटतं.”

“कधी?”

ते दोघांनाही सांगता आलं नाही.

पलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा धनगर मेंढ्यांमागे उभा होता. त्याने काठी खाली टाकली आणि दोन्ही हात वर करून हलवू लागला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्याच्या मेंढ्या एकाएकी शेतात पांगल्या.

“तो काहीतरी म्हणतोय,” सोयराबाई म्हणाल्या.

“गाडी बघतोय. इतकी गप्प गाडी पाहिली नसेल त्याने.” नागोजीरावांनी हसून त्याला हात केला आणि पुन्हा किल्ली फिरवली. मग पुन्हा.

सोयराबाईंनी आपल्या बाजूच्या दाराचा खटका ओढला. दार जागचं हललं नाही. त्यांनी खांदा लावला. आत कापूस दबला, एवढंच.

“अहो, तुमचं दार उघडा.”

“एक मिनिट गं. आणि त्या बांगड्या आधी थांबव. इंजिन लागतंय की नाही ते कळत नाही त्यांच्यापायी.”

सोयराबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात दाराच्या खटक्यावर होते. मांडीवरच्या डब्यात बांगड्या किणकिणत होत्या. आधी दोन, मग चार, मग चोवीसच्या चोवीस.