मोहाखालचं ऊन

हैदराबादच्या ॲनिमेशन कॉलेजात जागा मिळावी म्हणून मयुरीनं चंद्रपूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये महिनाभर खपून एक देखावा तयार केला होता: उजाडतानाचं जंगल आणि मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणारी बाई. सरांनी पाठ थोपटली होती. आज सीडी पोस्टात टाकायची, म्हणून तिनं गावाहून आलेल्या आईला पडद्यासमोर बसवलं.

कमळाबाईनं निरखून पाहिलं. "झाड झकास झालं व माय. पण हे बाई इतक्या उशिरा काऊन आली?"

"उशिरा कुठी? आत्ता तं दिवस निघून राह्यला."

"मंग सावली एवढी आखूड कशी? आतापर्यंत ढोरं फुलं खाऊन गेले असतीन."

मयुरीनं हसतहसत प्रोग्राममधली सूर्याची वेळ उघडली. रंग तिनं पहाटेचा दिला होता, सूर्य मात्र दहाचाच राहून गेला होता.

ती सूर्य हळूहळू खाली आणू लागली. सावल्या लांबत गेल्या, ऊन बुंध्यांमधून आडवं आत शिरलं.

"आता, आई?"

कमळाबाईची नजर पडद्यावर होती आणि हात खुर्चीशेजारी, तिथं नसलेलं फुलांचं टोपलं चाचपत होता.

मयुरीनं सूर्य तिथंच थांबवला.