ओठ जुळेनात

पडद्यावर बाईंची हनुवटी पुन्हा घसरून कानाखाली गेली. ओठांचे तीन तुकडे झाले, मधून एक हिरवा पट्टा सरकला आणि आवाज मात्र ठणठणीत आला, "आता माझ्या ओठांकडे नीट बघा."

"बघतोय की आम्ही! पण ओठ आहेत कुठे?" लेक म्हणाली. "बाबा, पाचच मिनिटं थांबा. माझ्यासमोर या डब्याची ही मजाल!"

ती उगाच बढाई नव्हती. कॉलेजच्या लॅबमधले चाळीस जुने कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची, सगळे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर. इतरांनी भंगारात काढलेली यंत्रं तिच्या हाताखाली गुमान चालत. घरातला हा बारा वर्षांचा कॉम्प्युटरही तिनेच जगवला होता.

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे टीव्ही दुरुस्त केले होते. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचे शब्दच हरवले. समजत सगळं होतं, जिभेवर काही येत नव्हतं. वाचा सुधारायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा भेटत. बाकीचे सहा दिवस त्यांचे व्हिडिओ लावायचे, ओठ कसे हलतात ते न्याहाळायचं आणि आरशात बघून तसंच करायचं. मोबाइलवर ते ओठ वाटाण्याएवढे दिसत, म्हणून हा मोठा पडदा. पहिले सहा महिनेच खरे कामाचे, असं बाईंनी बजावलं होतं. त्यातले चार संपले होते आणि बाबांच्या तोंडून अजून एकही पूर्ण वाक्य निघालं नव्हतं.

तिने दुसरा ब्राउझर उघडला. तीच तऱ्हा. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड ज्यावर चालतं तो प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आता बाई नाकापासून आडव्या फाटल्या.

"पा..." बाबा म्हणाले.

"पाणी? हे घ्या." तिने पेला त्यांच्या डाव्या हातात दिला. बाबांनी मान हलवली. "मग पाठीला उशी हवी? सरका जरा." उशी आली. बाबांनी डोळे मिटून घेतले. "पाय आखडले होय! मग आधी नाही का सांगायचं?"

घरात हे असंच चाले. बाबांनी एक अक्षर काढायचं आणि लेकीने त्याचं वाक्य करून मोकळं व्हायचं. त्यांना शब्दासाठी धडपडताना बघवायचंच नाही तिला. पोरगी बापाच्या मनातलं ओळखते हो, असं नातेवाईक म्हणत आणि तिला मूठभर मांस चढे.

बाबांनी पेला टेबलावर ठेवला. "म..."

"मागे सरकू?"

"मद..."

"मदत? उठायचंय का? थांबा, धरते."

बाबांनी टेबलावर थाप मारली. इतक्या जोरात, की आरसा आडवा झाला. "मदत... बंद!"

लेक आ वासून बघत राहिली. मदत बंद? कुणाची मदत? मग तिची नजर पडद्यावरच्या फाटक्या बाईंकडे गेली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाबा! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

व्हिडिओ भराभर दिसावा म्हणून ब्राउझर ग्राफिक्स कार्डाची मदत घेतो. नव्या कार्डाला ते झेपतं. हे जुनं कार्ड मदतीच्या उत्साहात चित्राचे तुकडे भलतीकडेच चिकटवत होतं. मदत काढून घेतली, की कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर आपलं काम आपणच करतो. जरा सावकाश, पण नीट. तिने सेटिंगमध्ये जाऊन त्या मदतीपुढची खूण काढली आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

बाई सबंध दिसल्या. हनुवटी जागेवर, ओठ जागेवर. ते मिटले, उघडले. प. फ. ब.

लेक नाचायचीच काय ती बाकी राहिली. तिने थेट भावाला फोन लावला. "दादा, बाबांनी बिघाड पकडला! हो, हो, बाबांनीच! मी तासभर डोकं आपटतेय आणि हे बसल्या जागी म्हणाले, मदत बंद. जातिवंत मेकॅनिक आहे रे आपला बाप! काय? त्यांना फोन देऊ? अरे, ते म्हणताहेत, मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस."

बाबा काहीच म्हणाले नव्हते.

फोन ठेवून ती त्यांच्याकडे वळली. आनंदाने तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, कसं ओळखलंत हो? कॉम्प्युटरला हातसुद्धा न लावता?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि तोंड उघडलं. लेकीच्या जिभेवर तीन उत्तरं तयारच होती. बाबांनी हात उचलून तिच्या तोंडासमोर आडवा धरला, आणि ती पहिल्यांदाच थांबली. बाबांच्या कपाळावर घाम आला. मग एकेक शब्द ओढून आणत ते म्हणाले,

"त्याची... नाही गं. तुझी... मदत... बंद कर."